उजवीकडून येणाऱ्याला आधी

नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात हल्ली एक छोटी पुस्तिका हमखास असते. आरटीओत हजार रुपये शुल्क भरून, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती जोडून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. बोलताना सगळे त्याला आयडीपी म्हणतात. तो वर्षभर चालतो असं त्याच्यावरच छापलेलं असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. वर्ष आहे हातात, तिकडे गेल्यावर बघू, असं म्हणून तो विमानात बसतो.

घोटाळा इथेच होतो. जर्मनीचा कायदा पुस्तिकेवरची तारीख बघत नाही. तुम्ही तिथे राहायला आलात त्या दिवसापासून सहा महिने, एवढंच तो मोजतो. सातव्या महिन्यात तुमच्या खिशात भारतातलं लायसन्स असलं, आयडीपीची मुदत शिल्लक असली, गाडी चालवण्याचा वीस वर्षांचा अनुभव असला, तरी तुम्ही विनापरवाना चालक ठरता. तिथे हे पावती फाडून मिटणारं प्रकरण नाही. तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा आर्थिक दंडापासून एक वर्षाच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. परवाना नाही हे माहीत असताना गाडी हाती देणारा मालकही त्यात सापडतो. अपघात झालाच, तर विमा कंपनी समोरच्याचं नुकसान भरून देते आणि नंतर पैसे वसूल करायला तुमच्याकडे येऊ शकते. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्याच्या नावावर असा गुन्हा लागणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मुक्काम बारा महिन्यांपेक्षा जास्त नाही असं कागदोपत्री दाखवता आलं, तर अर्ज करून ही मुदत वाढवून मिळते. बाकी सगळ्यांसाठी सहा महिने म्हणजे सहाच महिने.

श्टुटगार्टच्या आसपास, बोब्लिंगन, झिंडेलफिंगन या पट्ट्यात ही गोष्ट घरोघरी चर्चेत असते. हा सगळा मोटारींचाच मुलूख आहे. झिंडेलफिंगनला मर्सिडीजचा जुना, अवाढव्य कारखाना आहे, आणि त्याच कंपनीचा भारतातला कारखाना आपल्या चाकणला. बॉशचं मुख्यालय जवळच गेर्लिंगनला. पुण्याचे इंजिनियर इथे येत-जात असतात, त्यांतले बरेच राहून जातात. नवरा किंवा बायको आधी येते, मागून दुसरं येतं, मुलं येतात. शहरात लोकल गाड्या, ट्राम, बस इतक्या चांगल्या आहेत की वर्षभर गाडीविना सहज निघतं. मग घर थोडं बाहेर घेतलं जातं, मुलाचं पाळणाघर एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला येतं. इस्पितळात नर्स म्हणून काम करणाऱ्यांची पहिली पाळी तर पहाटेच्या पहिल्या बसच्या आधी सुरू होते. तोवर सहा महिने कधीच उलटून गेलेले असतात.

एक खुलासा इथेच केलेला बरा, कारण त्याबाबत बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. सहा महिने उलटले की जातो तो गाडी चालवण्याचा हक्क. भारतीय लायसन्सवरून जर्मन लायसन्स काढून घेण्याचा हक्क त्यामुळे जात नाही. उशिरा जागे झालेल्यांनीही अर्ज करावा, फक्त नवीन कार्ड हातात पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये.

लायसन्स बदलून घेण्याला जर्मनीत उमश्रायबुंग म्हणतात. युरोपीय संघातल्या देशांचं लायसन्स असेल तर हा प्रश्नच येत नाही. संघाबाहेरच्या काही देशांची एक यादी नियमांना जोडलेली आहे. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, इस्रायल, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशी नावं तिच्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकांना परीक्षा न देता कार्ड बदलून मिळतं. अमेरिकेचं तर राज्याराज्याला वेगळं आहे. एका राज्याचं लायसन्स सरळ बदलतं, शेजारच्या राज्याच्या माणसाला लेखी परीक्षा द्यावी लागते. भारत या यादीत नाही. भारतीय लायसन्सवाल्याला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा पूर्ण द्याव्या लागतात. सूट मिळते ती एवढीच, की नवशिक्याला ड्रायव्हिंग स्कूलचे जे ठरावीक तास सक्तीने भरावे लागतात ते याला भरावे लागत नाहीत.

ही सूट ऐकून मंडळी खूश होतात. पैसे वाचले असं वाटतं. जर्मनीत पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासाला साठ-सत्तर युरो सहज पडतात, त्यामुळे वाटणारच. पण परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी लागते, शेजारी स्कूलचाच शिक्षक बसतो, आणि तो आपल्या जबाबदारीवर तुम्हाला परीक्षेला तेव्हाच बसवतो जेव्हा त्याची खात्री पटते. म्हणजे तास घ्यावेच लागतात. किती, ते तुमच्या जुन्या सवयींवर अवलंबून.

कागदपत्रांची वाट लांब आहे, पण सरळ आहे. चष्म्याच्या दुकानात होणारी दृष्टितपासणी. भारतीय लायसन्सचं जर्मन भाषांतर. ते शपथबद्ध भाषांतरकाराकडून किंवा एडीएसी या मोटारचालकांच्या मोठ्या संस्थेकडून करून घ्यायचं. बायोमेट्रिक फोटो. कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलमधून परीक्षा देणार त्याचं नाव. आणि प्रथमोपचाराच्या वर्गाचं प्रमाणपत्र.

या वर्गाबद्दल थांबून सांगायला हवं. पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, बहुतेक ठिकाणी एका शनिवारी सलग. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, छाती दाबून हृदय चालू ठेवायचा प्रयत्न कसा करायचा, हेल्मेट घातलेल्या मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं, हे प्रत्येकाला जमिनीवर गुडघे टेकून, पुतळ्यावर किंवा शेजाऱ्यावर करून दाखवावं लागतं. वर्गात शाळेतून नुकती बाहेर पडलेली जर्मन पोरं असतात, सीरियातून आलेला माणूस असतो, आणि मूळच्या लातूरच्या एखाद्या नर्सबाईही असतात, ज्यांना हे सगळं तोंडपाठ असतं. अपघात पाहणारा पहिला माणूस बहुधा दुसरा चालकच असतो, म्हणून मदत कशी करायची हे गाडी चालवायला शिकण्याचाच भाग आहे, असं हा देश धरून चालतो. आपल्याकडे अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांपासून संरक्षण देण्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम घालावं लागलं. ते घातलं हे फार चांगलं झालं. पण मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपल्या चालकाला कुणी शिकवत नाही.

अर्ज जिल्हा कार्यालयात दिला की काही आठवडे वाट पाहायची. मग लेखी परीक्षा. ती संगणकावर होते, जर्मनखेरीज बारा भाषांत देता येते. इंग्रजी आहे, तुर्की आहे, अरबीही आहे. भारतीय भाषा एकही नाही, त्यामुळे आपली माणसं इंग्रजीत देतात. तीस प्रश्न असतात, एक हजाराहून मोठ्या प्रश्नसंचातून काढलेले. प्रत्येक प्रश्नाला त्याच्या गांभीर्याप्रमाणे दोन ते पाच गुण, आणि चुकलं की तेवढे गुण तुमच्या नावावर चढतात. दहापर्यंत चढले तर पास, अकराव्याला नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरीही नापास. एका प्रश्नाची एक, दोन किंवा तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात आणि सगळी बरोबर खुणावली तरच गुण वाचतात. काही प्रश्नांत छोटी चित्रफीत असते. ती पाच वेळा पाहता येते, प्रश्न वाचायला घेतला की पुन्हा पाहता येत नाही. अलीकडच्या वर्षांत खुद्द जर्मनीत या लेखी परीक्षेत दहातले सुमारे चार जण नापास होत आहेत.

इंजिनियर मंडळी लेखीत फारशी अडत नाहीत. पाठांतराची आपल्याला सवय आहे. खरी कसोटी रस्त्यावर लागते.

बोब्लिंगनमध्ये अशा एका सरावाच्या तासाला मागच्या सीटवर बसायला मिळालं. चालवणाऱ्या बाई मूळच्या सांगलीच्या, पुण्यात बारा-तेरा वर्षं वॅगनआर चालवलेल्या. सिंहगड रोडच्या गर्दीत रोज ऑफिसला जाणारी बाई गाडी चालवायला घाबरणार नाही, हे उघड आहे. त्या घाबरल्या नव्हत्याच. गाडी निघाली, पहिलं वळण आलं, आणि काचेवर वायपर सुरू झाले. भारतातल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, इथे ती डावीकडे. हात आपला जुन्या जागी गेला. शिक्षक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांच्याकडे भारतातून येणाऱ्या प्रत्येकाचे पहिले दोन-तीन तास असेच जातात. गिअर आता उजव्या हाताने टाकायचा. चालक डावीकडे बसतो, पण डोक्यात आपण अजून उजवीकडेच बसलेलो असतो, म्हणून गाडी नकळत उजव्या कडेला सरकत जाते आणि उभ्या गाड्यांचे आरसे हातभर अंतरावरून जाऊ लागतात. या गोष्टी मात्र आठवडाभरात सुटतात, कारण त्या हाताच्या सवयी आहेत. नजरेच्या सवयी सुटायला फार वेळ लागतो.

आम्ही एका निवासी भागात शिरलो. ताशी तीसची पाटी. दोन्ही बाजूंना बंगले, हिरवी कुंपणं, उभ्या गाड्या. समोर एक साधा चौक, ना सिग्नल, ना पाटी, ना रस्त्यावर पट्टा. आपल्याकडे अशा चौकात जो आधी घुसतो किंवा ज्याची गाडी मोठी असते तो पुढे जातो. समोर कुणीच नव्हतं, बाई तीसच्या वेगाने सरळ निघाल्या. शिक्षकांच्या पायाखालचा ब्रेक लागला आणि गाडी चौकाच्या तोंडाशी थांबली. उजवीकडच्या कुंपणाआडून सायकलवर एक शाळकरी मुलगा आला आणि आमच्याकडे न बघता समोरून निघून गेला.

खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा तिथला नियम आहे. रेश्ट्स फोर लिंक्स. येणारा ट्रक असो की सायकल, त्याने फरक पडत नाही. त्या मुलाने आमच्याकडे पाहिलं नाही कारण त्याला पाहायची गरज वाटली नाही. गाडी थांबणार हे तो लहानपणापासून धरून चालतो. सगळा कायदा या विश्वासावर उभा आहे. म्हणून परीक्षेत उजवीकडून कुणी आलंच नाही तरी तुम्ही वेग कमी केला का, थांबता येईल इतका कमी केला का, मान वळवून उजवीकडे बघितलं का, हे पाहिलं जातं. नशिबाने कुणी आलं नाही, हे तिथे उत्तर धरलं जात नाही.

पुढे उजवीकडचं वळण. मधला आरसा, बाजूचा आरसा, इंडिकेटर, आणि मग खांद्यावरून मागे एक नजर. या शेवटच्या नजरेला शुल्टरब्लिक म्हणतात, आणि ती विसरल्यामुळे नापास झालेले भारतीय तुम्हाला प्रत्येक मराठी घरगुती कार्यक्रमात भेटतील. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात सायकलवाला असू शकतो. तो सरळ जाणार असेल तर तो आधी, तुम्ही नंतर. वळून ज्या रस्त्यात शिरणार तो रस्ता कुणी पायी ओलांडत असेल, तर तोही आधी. बाईंना नियम माहीत होता, लेखीत त्यांच्या नावावर एकही गुण चढला नव्हता. पण पुण्यात बारा वर्षं मागचा माणूस हॉर्न वाजवून आपण आल्याचं सांगत आला होता, त्यामुळे मागे बघायची मानेला सवयच नव्हती. जर्मनीत हॉर्न धोक्याच्या वेळीच वाजवायचा असतो. गावाबाहेर ओव्हरटेक करताना इशारा म्हणून तो वाजवायला मुभा आहे, तेवढंच. आपण २०१५ साली मालवाहू गाड्यांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसायचा आदेश महाराष्ट्रात काढला. ते शब्द कमी झाले, कान मात्र अजून त्याच आवाजावर गाडी चालवतात.

प्रत्यक्ष परीक्षा २०२१ पासून पंचावन्न मिनिटांची आहे. त्यातली निदान तीस मिनिटं गाडी रस्त्यावर हवी. परीक्षक मागे बसतो, हातात टॅबलेट, त्यावर प्रत्येक गोष्टीची नोंद. सुरुवातीला गाडीची माहिती विचारतो: टायरची खाच कायद्याने किमान किती खोल हवी, तर १.६ मिलिमीटर, ब्रेकचं तेल कुठे तपासायचं, धुक्यात कोणते दिवे कधी लावायचे. मग शहर, गावाबाहेरचा रस्ता, जमल्यास ऑटोबान. दोन गाड्यांच्या मधे गाडी लावणं, अचानक पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून थांबणं. शिक्षकाला सुरक्षेसाठी ब्रेक दाबावा लागला, की तुम्ही नापास.

ऑटोबानची भीती सगळ्यांना वेगाची वाटते. काही पट्ट्यांवर मर्यादा नाही, सुचवलेला वेग १३०. अवघड असतं ते त्यात शिरणं. शिरण्याच्या मार्गिकेवर वेग वाढवत नेऊन मुख्य प्रवाहाच्या वेगाला यायचं आणि मग आत मिसळायचं, असा नियम आहे. आपला माणूस तिथे हमखास ब्रेक दाबतो, कारण मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवरही आपण असंच, अंदाज घेत, थबकत शिरतो. उजव्या बाजूने कुणाला मागे टाकायचं नाही. आणि गर्दीत वाहतूक रांगू लागली की, अपघात दिसो न दिसो, सगळ्यात डावीकडच्या मार्गिकेतल्या गाड्यांनी डाव्या कडेला आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकायचं, म्हणजे मधे ॲम्ब्युलन्सला वाट तयार राहते. ही वाट न ठेवणाऱ्याला किमान दोनशे युरो दंड आणि महिनाभर वाहनबंदी. संध्याकाळच्या कोंडीत शेकडो गाड्या कुणी न सांगता अशा दोन बाजूंना सरकताना पाहिल्या, की सायरन वाजवत पुण्यात नवले पुलापाशी अडकून पडलेली ॲम्ब्युलन्स डोळ्यांसमोर येते आणि मनाला यातना होतात.

नापास झालेल्यांची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. वीस वर्षांत एकदाही गाडी घासली नाही, आता अठरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं करतात. आमचं लायसन्स म्हणजे काय रद्दी आहे का? अपमान वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय खर्च आहे, रजा आहेत, तारखांसाठी महिनोन्‌महिने थांबणं आहे. पण जर्मनीने आपला अपमान केला असं मला वाटत नाही. तुमचं कार्ड जे सांगतं ते खरोखर तपासून दिलं आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आपल्या प्रत्येकाकडे आहे.

इतर देशांतही आपली गत फार वेगळी नाही. इंग्लंडमध्ये बारा महिने भारतीय लायसन्सवर चालवता येतं, नंतर थेट शिकाऊ परवान्यापासून सुरुवात: पन्नास प्रश्नांची लेखी, त्यात त्रेचाळीस बरोबर हवेत, रस्त्यावरचा धोका वेळीच ओळखण्याची चित्रफितींची चाचणी, मग साधारण चाळीस मिनिटांची प्रत्यक्ष परीक्षा. तिथे रस्ता आपल्यासारखा डाव्या बाजूचा, म्हणून आपली माणसं गाफील राहतात. देशभरात निम्म्याहून जास्त परीक्षार्थी या परीक्षेत नापास होतात. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यावर दहा दिवसांत तिथलं लायसन्स काढायला हवं. दुबईत आपल्याकडच्या जाणत्या चालकांना तास न घेता एकदाच थेट परीक्षा देण्याची संधी २०२३ मध्ये देऊ केली गेली. त्या एका संधीत नापास झालं की पुढे वर्गात बसा. रत्नागिरी, खेड, दापोलीतून आखातात चालक म्हणून गेलेल्यांना विचारा, पहिल्या वर्षाची कमाई लायसन्सच्या फेऱ्यांत कशी जायची.

जपानने तर अलीकडे दार आणखी घट्ट केलं. तिथे फक्त १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार काढलेला आयडीपी मानतात, आणि भारताचा तसा असतो. कायम राहायचं तर लायसन्स बदलून घ्यायचं. त्यासाठी लायसन्स मिळाल्यावर तुम्ही निदान तीन महिने त्या देशात होतात हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांनी सिद्ध करावं लागतं, म्हणून जुने पासपोर्ट फेकू नयेत. पूर्वी लेखी परीक्षेत दहा प्रश्न असायचे. ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास असतात आणि नव्वद टक्के बरोबर यावे लागतात. पर्यटक म्हणून आलेल्यांना लायसन्स बदलून देणंही बंद झालं.

मी जर्मनीकडे परत येतो, कारण तिथे एक जुना संदर्भ आहे. कार्ल बेंझला आपली मोटार रस्त्यावर चालवण्याचा लेखी परवाना बाडेनच्या अधिकाऱ्यांनी १८८८ मध्ये दिला. मोटार चालवण्याचा जगातला पहिला परवाना तो मानला जातो. त्याच वर्षी त्याची बायको बेर्था, मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता तीच गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली, शंभराहून अधिक किलोमीटर. वाटेत विस्लोखला औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. तेव्हापासून त्या प्रांताने परवान्याचा कागद कधी हलक्यात घेतलेला नाही. आपल्याकडे मोटारचालकाला परवाना हवा हे १९१४ च्या कायद्यापासून चालत आलं आहे. म्हणजे आपणही काही नवखे नाही.

आपल्याला काय कमी आहे ते नियमात शोधायला गेलात तर सापडणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला पंधरावा नियम वाचा. चालकाने परीक्षेत काय करून दाखवायचं याची लांबलचक यादी त्यात आहे. मागचा आरसा नीट लावणं, गाडी सुरू करण्याआधीची खबरदारी, योग्य मार्गिका, योग्य वेळी इशारे, चौकात आणि पादचारी ओलांडतात तिथे घ्यायची काळजी, सुरक्षितपणे मागे टाकणं, अरुंद जागेत गाडी मागे घेणं, अचानक थांबवणं. जर्मन परीक्षकाच्या टॅबलेटवर जे असतं त्यातलं बरंचसं आपल्या नियमात छापलेलं आहे. भोसरीला नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर अशी परीक्षा घेण्याची सोयही आहे. पण राज्यातल्या किती जणांची परीक्षा खरोखर अशी झाली? मैदानात आठचा आकडा, थोडं पुढे, थोडं मागे, सही, पुढचा. बऱ्याच जणांना एजंटने फक्त फोटो आणि अंगठ्यापुरतं बोलावलेलं असतं. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या चौकात, शाळा सुटायच्या वेळी परीक्षक मागे बसला आहे, असं चित्र आपल्यापैकी कुणाच्या आठवणीत आहे?

आकडे बोलके आहेत. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसं मेली. जर्मनीत त्याच वर्षी २,७८८. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या पुढे, महाराष्ट्राची बारा कोटींच्या पुढे; प्रमाण काढलं तरी आपला आकडा साडेतीन पटींहून जास्त येतो. तोही, जर्मनीत पावणेपाच कोटींहून अधिक मोटारगाड्या धावत असताना. हा सगळा फरक परीक्षेमुळे पडतो असं म्हणणं खोटेपणाचं होईल. रस्त्यांची बांधणी, खड्डे, हेल्मेट, दुचाकींचं प्रमाण, वेळेवर न पोचणारे उपचार, सगळं त्यात आहे. पण चौकाच्या तोंडाशी वेग कमी करून उजवीकडे बघायला शिकलेला माणूस आणि न शिकलेला माणूस, यांच्या हातून होणारे अपघात सारखे नसतात.

हा विषय आता काही इंजिनियरांपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुण पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि परिचारिका, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर बस-ट्रकचे चालकही त्यात धरलेले आहेत. जर्मनीला चालकांची टंचाई आहे, आपल्याकडे चालवणारे हात आहेत. कल्पना चांगली आहे. पण कारवाल्याची ही कथा, तर ट्रकवाल्याची पायरी कितीतरी उंच. वैद्यकीय तपासणी कडक, मोठ्या वाहनांच्या वेगळ्या परीक्षा, त्यावर व्यावसायिक चालकाच्या पात्रतेचं स्वतंत्र प्रमाणपत्र, आणि माल उतरवताना, पोलिसांनी थांबवल्यावर, गोदामात बोलण्यापुरती जर्मन. नगर किंवा बीडकडचा मुलगा कर्ज काढून, भाषा शिकून तिथे पोचला आणि परीक्षेत अडकला, तर ट्रक त्याच्या हाती येणार नाही. ज्या कामासाठी नेलं तेच त्याला करता येणार नाही. भाषेचे वर्ग इथे सुरू होतात तसे चालवण्याचे वर्गही, त्यांच्या पद्धतीने, इथेच सुरू व्हायला हवेत. जाण्याआधी.

आता जाणाऱ्यांसाठी काही सांगणं. निघण्यापूर्वी सारथी पोर्टलवरून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट काढून ठेवा. कार्डाचं नूतनीकरण झालेलं असेल तर पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं हे दाखवायला तो कामी येतो. कार्डाची मुदत वर्षा-दोन वर्षांत संपणार असेल तर आधी ते बघा. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. आयडीपी काढाच, पण मूळ लायसन्स बरोबर असल्याशिवाय त्याला किंमत नाही, हे लक्षात ठेवा. जर्मनीत राहायला गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीत गावी येऊन घाईने लायसन्स काढून नेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तुमचं राहतं घर जर्मनीत असताना भारतात मिळवलेलं नवं लायसन्स तिथे मानलं जात नाही. जर्मन कार्ड मिळताना भारतीय कार्ड तिथे जमा करावं लागतं, म्हणून त्याची प्रत आणि नंबर जपून ठेवा. पत्ता नोंदवलात त्याच आठवड्यात प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घाला आणि अर्ज टाका, कारण सहा महिन्यांतले दोन-तीन कागदांतच जातात. आणि सक्तीचे नसले तरी तास घ्या, मोजूनमापून नाही, मान वळायला लागेपर्यंत घ्या.

दुसरं सांगणं परिवहन खात्याला. पंधरावा नियम १९८९ पासून पुस्तकात आहे. नवा कायदा नको, नवी समिती नको. महाराष्ट्रातल्या एका तरी आरटीओत, येत्या वर्षभर, प्रत्येक परीक्षार्थीची तो नियम सांगतो तशी पूर्ण परीक्षा घ्या, खऱ्या रस्त्यावर, आणि किती नापास झाले ते जाहीर करा.